अर्धे ऐकलेले प्रवचन
युद्धोत्तर जर्मनीतील मतदार आणि अर्थनीती

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे दोन भाषा कानावर पडतात. एक वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांची. तीत तूट, गुंतवणूक, विकासदर, अनुदान असे शब्द असतात. दुसरी बाजारातल्या पिशवीची. तीत तेल, डाळ, कांदा, गॅसचा सिलिंडर आणि मुलांच्या शाळेची फी असते. सामान्य मतदार पहिली भाषा आदराने ऐकतो आणि मत मात्र दुसऱ्या भाषेत विचार करून देतो. विद्वानांना याचा कधी राग येतो, कधी कीव येते. तथापि यात हसण्यासारखे काही नाही. ज्याला महिन्याच्या अखेरीस घरखर्चाची तोंडमिळवणी करावी लागते त्याने अर्थनीतीची परीक्षा स्वयंपाकघरात घ्यावी, हे स्वाभाविकच आहे.

प्रश्न वेगळाच आहे. आपल्या चुलीवरून घेतलेली ही परीक्षा शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचते का? आर्थिक धोरणाविषयीचे जनमत घडते कसे, बदलते कसे आणि ते कोणत्या ठिकाणी आंधळे होते? या प्रश्नांचा विचार करताना इतिहासातील एक कालखंड मला फार बोलका वाटतो. तो म्हणजे १९४६ ते १९५७ या अकरा वर्षांतील पश्चिम जर्मनी. उपाशी, बेघर आणि लज्जित अशा या समाजाने अवघ्या दशकभरात आपले आर्थिक विचार जवळजवळ उलटे केले. या साऱ्या घडामोडींत ख्रिस्तसभेची शिकवण, तिचे धर्मगुरू आणि तिचे प्रापंचिक जागोजाग दिसतात. म्हणूनही हा इतिहास आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना माहीत असावा असे वाटते.

भुकेचा हिवाळा

मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली. देशाचे चार विभाग झाले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांचे लष्करी अंमल सुरू झाले. शहरे ढिगाऱ्यांत गेली होती. पूर्वेकडून हाकलून दिलेल्या निर्वासितांचे लोंढे येत होते. १९५० पर्यंत एकट्या पश्चिम जर्मनीत अशा निर्वासितांची संख्या सुमारे ८० लाख झाली.

हिटलरने १९३६ साली सर्व किमती गोठवल्या होत्या. युद्धाच्या खर्चासाठी नोटा मात्र भरमसाट छापल्या होत्या. परिणामी लोकांच्या हाती पैसा होता आणि दुकानात माल नव्हता. जेत्या राष्ट्रांनी तीच नियंत्रणे पुढे चालू ठेवली. शिधापत्रिकेवर मिळणारे अन्न कागदावर दिवसाला सुमारे दीड हजार उष्मांकांचे होते. ऱ्हुर खोऱ्यातील औद्योगिक शहरांत ते कधी हजाराच्याही खाली जाई. खरा व्यवहार काळ्या बाजारात चाले आणि तेथील चलन होते अमेरिकन सिगारेट. शहरातील माणसे चांदीचे चमचे, गालिचे, लग्नातले कपडे घेऊन खेड्यांत जात आणि बटाट्यांच्या पिशव्या घेऊन परतत.

त्यात १९४६-४७ चा हिवाळा विलक्षण कडक निघाला. कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात राहणारी माणसे कोळशावाचून गारठून मरू लागली. कोळसा भरलेल्या मालगाड्या थांबल्या की बाया-मुले डब्यांवर चढत आणि मिळेल तो कोळसा पोत्यांत भरत. कायद्याच्या दृष्टीने ही उघड चोरी होती.

३१ डिसेंबर १९४६ च्या संध्याकाळी कोलोनचे महागुरुस्वामी कार्डिनल योसेफ फ्रिंग्स यांनी शहराच्या रील भागातील सेंट एंगेलबर्ट चर्चमध्ये वर्षअखेरीचे प्रवचन केले. दहा आज्ञांच्या उजेडात सरत्या वर्षाचा हिशेब मांडताना ते सातव्या आज्ञेपाशी आले. चोरी करू नको, या आज्ञेविषयी बोलताना त्यांनी सांगितले की, आपण अशा काळात जगत आहोत की, माणसाला आपले प्राण आणि आरोग्य राखण्यासाठी जे आवश्यक आहे, ते कष्ट करून किंवा मागून मिळणे शक्य नसेल तर ते घेण्याची मुभा त्याला आहे.

ही शिकवण नवी नव्हती. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते की, टोकाच्या गरजेत पृथ्वीवरील वस्तू सर्वांच्या होतात आणि अशा गरजेपोटी घेणे ही खऱ्या अर्थाने चोरी नव्हे. प्रत्येक सेमिनरीत हा भाग शिकवला जातो. परंतु उपाशी शहरात, व्यासपीठावरून, एका कार्डिनलांच्या तोंडून तो ऐकणे ही वेगळी गोष्ट होती. बातमी वणव्यासारखी पसरली. लोकांनी कार्डिनलांच्या आडनावावरून एक क्रियापदच तयार केले : 'फ्रिंग्सन', म्हणजे गरजेपोटी कोळसा लांबवणे. ब्रिटिश अधिकारी नाराज झाले आणि कार्डिनलांना आपल्या म्हणण्याचा खुलासा करावा लागला.

परंतु त्या प्रवचनाला आणखी एक वाक्य होते. फ्रिंग्स पुढे असेही म्हणाले होते की, अनेकांनी ही मर्यादा फार ओलांडली आहे असे आपल्याला वाटते. ज्यांनी ती ओलांडली असेल त्यांच्यापुढे एकच मार्ग आहे. अन्यायाने मिळवलेले धन त्यांनी विनाविलंब परत करावे, अन्यथा देवाकडून क्षमा नाही. हे दुसरे वाक्य मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाही. त्याचे क्रियापद झाले नाही. काळ्या बाजारात तांदळा-लोण्याचे साठे दाबून बसलेला व्यापारीही 'फ्रिंग्सन' हा शब्द हसत हसत वापरू लागला.

प्रवचनकाराच्या नशिबी हे नेहमीच येते. श्रोता आपल्या सोयीचा अर्धा भाग घरी नेतो. पुढील अकरा वर्षांच्या आर्थिक राजकारणातही हेच पुन्हा पुन्हा घडले. म्हणून हे प्रवचन एवढ्या विस्ताराने सांगितले.

समाजवादाकडे झुकलेला कौल

१९४६-४७ साली जर्मन मतदाराला कोणती अर्थव्यवस्था हवी होती? आज जर्मनीकडे पाहताना आपल्याला वाटते की हा देश पहिल्यापासून उद्योजकांचा असणार. वस्तुस्थिती नेमकी उलट होती.

१ डिसेंबर १९४६ रोजी हेसन या प्रांतात नव्या राज्यघटनेवर सार्वमत झाले. या घटनेच्या ४१ व्या कलमात खाणी, लोखंड-पोलाद, वीज आणि रेल्वे हे उद्योग समाजाच्या मालकीचे करण्याची तरतूद होती. अमेरिकन अधिकाऱ्यांना ती खटकली. त्यांनी अट घातली की, या एका कलमावर लोकांचे स्वतंत्र मत घ्यावे. लोक ते फेटाळतील अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु सुमारे ७२ टक्के मतदारांनी कलमाच्या बाजूने कौल दिला. पुढे लष्करी सरकारने त्याची अंमलबजावणी रोखून धरली, हा भाग वेगळा.

कॅथलिक वर्तुळातही वारे याच दिशेने वाहत होते. १९४५ च्या उन्हाळ्यात कोलोनजवळच्या वाल्बरबर्ग येथील डॉमिनिकन मठात काही कॅथलिक कार्यकर्ते जमले. फादर एबरहार्ड वेल्टी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नव्या ख्रिस्ती पक्षाची तत्त्वे मांडली. पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' आणि पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकांच्या मुशीतून हे विचार आले होते. या मंडळींचा 'ख्रिस्ती लोकशाही संघ' ब्रिटिश विभागात वाढला. ३ फेब्रुवारी १९४७ रोजी आलेन या गावी त्याने जो जाहीरनामा स्वीकारला, त्याची सुरुवातच भांडवलशाही व्यवस्था जर्मन जनतेच्या हिताला उतरली नाही, या कबुलीने होते. खाणी आणि पोलादाचे कारखाने काही मोजक्या धनिकांच्या हाती राहू नयेत, असे त्यात म्हटले होते.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. १९२३ च्या चलनफुगवट्याने मध्यमवर्गाची बचत धुऊन नेली होती. १९२९ नंतरच्या मंदीने लाखो कामगारांना रस्त्यावर आणले होते. बड्या उद्योगपतींपैकी कित्येकांनी हिटलरशी संगनमत केले होते. बाजाराचे स्वातंत्र्य म्हणजे बलवानांचे स्वातंत्र्य, असा एका अख्ख्या पिढीचा अनुभव होता. अमेरिकन लष्करी सरकारने घेतलेल्या जनमत चाचण्यांत, आर्थिक सुरक्षितता देणारे सरकार हवे की मतदान, भाषण आणि धर्म यांचे स्वातंत्र्य देणारे, असा प्रश्न विचारला जाई. तेव्हा निम्म्याहून अधिक लोक सुरक्षिततेची बाजू घेत. भुकेल्या माणसाकडून वेगळे उत्तर अपेक्षिणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल.

एका रविवारची उलथापालथ

अशा वातावरणात लुडविग एरहार्ड हा प्राध्यापक पुढे आला. फ्युर्त गावचा, प्रॉटेस्टंट पंथाचा, गोलमटोल, तोंडात सदैव चिरूट असलेला हा गृहस्थ मार्च १९४८ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन विभागांच्या संयुक्त आर्थिक प्रशासनाचा संचालक झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : भावनियंत्रण उठवा, स्पर्धा येऊ द्या, म्हणजे माल बाजारात येईल. त्याचा सहकारी आल्फ्रेड म्युलर-आर्माक याने या विचाराला 'सामाजिक बाजारव्यवस्था' असे नाव दिले होते. या नावातील 'सामाजिक' हा शब्द शोभेसाठी नव्हता. बाजार मोकळा असावा, परंतु त्याला कायद्याची चौकट असावी, मक्तेदारीला आळा असावा आणि दुर्बळांसाठी तरतूद असावी, असे हे दोन भागांचे सूत्र होते.

रविवार, २० जून १९४८ रोजी पश्चिमेकडील तीन विभागांत नवे चलन आले. प्रत्येक माणसाच्या हाती ४० नवे मार्क पडले, काही आठवड्यांनी आणखी २०. चलनबदलाचे काम मुळात लष्करी सरकारांचे होते. एरहार्डने त्याच सुमारास आपल्या अधिकारात बहुतेक वस्तूंवरील भावनियंत्रण उठवले. आमचे नियम न विचारता बदलता कसे, असे अमेरिकन अधिकाऱ्यांनी दरडावले, तेव्हा आपण ते बदललेले नाहीत, रद्द केले आहेत, असे उत्तर दिल्याचे एरहार्ड पुढे सांगत असे.

सोमवारी सकाळी दुकानांच्या काचांमागे एकाएकी बूट, पातेली, सायकलचे टायर, लोणी दिसू लागले. लोक थक्क झाले. नंतर चिडले, कारण इतके दिवस हा माल होता कुठे? दुकानदारांनी तो दाबून ठेवला होता हे उघड झाले. शिवाय चलनबदलाचा भार सर्वांवर सारखा पडला नव्हता. ज्याच्याकडे जमीन, कारखाना किंवा मालाचा साठा होता त्याचे काहीच गेले नाही. ज्या विधवेने बँकेत पै-पै साठवली होती, तिच्या १०० जुन्या मार्कांचे अखेर साडेसहा नवे मार्क झाले.

पुढच्या महिन्यांत भाव झपाट्याने चढले. पगार मात्र सुरुवातीला गोठवलेलेच होते. अंड्यांच्या भावावरून आठवडी बाजारांत भांडणे झाली. गृहिणींनी खरेदीवर बहिष्कार घातला. एरहार्डला हटवण्याचे ठराव आर्थिक परिषदेत दोनदा आले आणि फेटाळले गेले. अखेर १२ नोव्हेंबर १९४८ रोजी कामगार संघटनांनी एक दिवसाचा सार्वत्रिक संप पुकारला. नव्वद लाखांहून अधिक कामगार त्यात सामील झाले. आज ज्याला जर्मनीच्या समृद्धीचा शिल्पकार म्हणतात तो माणूस त्या दिवशी देशातील सर्वांत नावडत्या व्यक्तींपैकी एक होता.

यात चूक कोणाची? संपकऱ्यांची म्हणावी तर त्यांची भूक खरी होती. एरहार्डची म्हणावी तर नियंत्रणांखाली भुकेशिवाय काही निपजत नव्हते हेही खरे होते. त्याच्या सूत्राचा पहिला अर्धा भाग, म्हणजे मोकळा बाजार, एका रात्रीत अमलात आला होता. दुसऱ्या भागाचा अजून पत्ता नव्हता. सुस्थितीतील लोकांनी पहिला भाग तेवढा ऐकला होता आणि गरिबांना केवळ तोच भोगावा लागत होता. सरकारने मग सर्वसामान्यांसाठी स्वस्त कपडे आणि बूट तयार करून घेतले आणि पगारवाढीवरील बंदी उठवली. वर्षाच्या अखेरीस भाव स्थिरावले आणि पुढे काहीसे उतरलेही.

एका मताचे सरकार

१४ ऑगस्ट १९४९ रोजी पश्चिम जर्मनीची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. एका बाजूला समाजवादी पक्षाचे नेते कुर्ट शूमाखर होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी हात गमावला होता. सुमारे दहा वर्षे त्यांनी हिटलरच्या छळछावण्यांत काढली होती. दुसऱ्या बाजूला कोलोनचे माजी महापौर, ७३ वर्षांचे श्रद्धावंत कॅथलिक कोनराड आडेनाउअर. आलेनचा जाहीरनामा मागे ठेवून त्यांच्या पक्षाने जुलै १९४९ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे एरहार्डची बाजारव्यवस्था स्वीकारली होती.

निकाल अटीतटीचा लागला. ख्रिस्ती लोकशाही पक्षांना ३१ टक्के, समाजवाद्यांना २९.२ टक्के. ४०२ सदस्यांच्या संसदेत आडेनाउअर यांना चॅन्सेलरपदासाठी २०२ मते मिळाली. नेमकी तेवढीच हवी होती.

हा कौल बाजारव्यवस्थेच्या बाजूने होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मतदार एकाच प्रश्नावर मत देत नाही. धर्मशिक्षणाचा आणि शाळांचा प्रश्न त्या निवडणुकीत धगधगत होता. बिशपांनी ख्रिस्ती मूल्ये जपणाऱ्यांना मत देण्याचे आवाहन केले होते आणि त्यावर संतापून शूमाखर यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेला पाचवी सत्ताधारी फौज म्हटले होते. त्यामुळे कितीतरी कॅथलिक कामगार समाजवाद्यांपासून दुरावले. पूर्वेकडील कम्युनिस्ट राजवटीची धास्ती तर होतीच. हेसनमध्ये राष्ट्रीयीकरणाच्या बाजूने मत दिलेला माणूस तीन वर्षांनी आडेनाउअर यांना मत देऊ शकला, तो अर्थशास्त्र बदलले म्हणून नव्हे, तर त्याच्या मनात अर्थशास्त्राखेरीज आणखी बरेच काही होते म्हणून.

सूत्राचा दुसरा भाग

आलेन्सबाख येथील जनमत संस्थेने १९५१ साली जर्मनांना विचारले : या शतकात जर्मनीचे दिवस सर्वांत चांगले केव्हा होते? शेकडा ४० हून अधिक लोकांनी कैसरचा काळ सांगितला. जवळजवळ तितक्याच लोकांनी १९३३ ते १९३९ ही हिटलरची युद्धपूर्व वर्षे सांगितली. चालू काळ चांगला आहे असे म्हणणारे होते शंभरात दोन. लोकशाही येऊन दोन वर्षे झाली होती, छळछावण्यांची भीषण चित्रे जगाने पाहिली होती आणि तरी नोकरी आणि भाकरी यांच्या आठवणीपुढे माणसांना इतर सारे विसरता येत होते. जनमताच्या आंधळेपणाचे याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही. १९६३ साली तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा शेकडा ६० हून अधिक लोक म्हणाले, आताचा काळ.

या बारा वर्षांत काय घडले? कारखाने वाढले, निर्यात वाढली, बेकारी हटली. मार्शल योजनेची मदत, कोरियन युद्धानंतर वाढलेली मागणी, निर्वासितांचे कष्टाळू हात, या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण केवळ एवढेच घडले असते तर नव्या व्यवस्थेबद्दल विश्वास बसला असता असे वाटत नाही. सूत्राचा दुसरा भागही हळूहळू अमलात आला.

१९४९ च्या सप्टेंबरात बोखुम येथे भरलेल्या कॅथलिक मेळाव्याने कामगारांना कारखान्याच्या कारभारात सहभागाचा हक्क आहे असा ठराव केला. पोप बारावे पायस यांना तो हक्क 'नैसर्गिक' म्हणणे मान्य नव्हते आणि त्यांनी तसे बजावले. तरी प्रश्न पेटला. पोलाद आणि खाण कामगारांनी ९० टक्क्यांहून अधिक मतांनी संपाची तयारी दाखवली. संप मात्र झाला नाही. आडेनाउअर यांनी कामगार नेत्यांना बोलावून तडजोड केली आणि मे १९५१ मध्ये कोळसा व पोलाद उद्योगांच्या देखरेख मंडळांवर कामगारांचे आणि भागधारकांचे प्रतिनिधी समसंख्य असावेत असा कायदा झाला.

त्याहून महत्त्वाचा कायदा ऑगस्ट १९५२ चा. त्याचे नाव 'भारांची समान वाटणी' असे होते. युद्धात ज्यांची घरेदारे, जमिनी वाचल्या होत्या त्यांच्या मालमत्तेवर तिच्या १९४८ च्या मूल्याच्या निम्म्याइतका आकार बसवण्यात आला. तो ३० वर्षांत हप्त्याहप्त्याने फेडायचा होता. त्या निधीतून निर्वासितांना आणि बॉम्बहल्ल्यांत सर्वस्व गमावलेल्यांना भरपाई मिळाली. पैशाचे मूल्य घटत गेल्यामुळे हप्ते पुढे हलके झाले, त्यामुळे श्रीमंत फारसे गरीब झाले नाहीत, अशी टीका झाली आणि ती रास्तच होती. तरी तत्त्व मोठे होते. बॉम्ब शेजाऱ्याच्या घरावर पडला आणि माझ्यावर पडला नाही, यात माझी पुण्याई नाही, म्हणून माझ्या वाचलेल्या घरात शेजाऱ्याचा काही हिस्सा आहे. हे फ्रिंग्स यांच्या विसरलेल्या वाक्याचेच कायद्यातील रूप होते. निर्वासितांच्या रागातून नवा हिटलर निपजेल अशी भीती अनेकांना होती. तसे घडले नाही. १९५३ च्या निवडणुकीत आडेनाउअर यांची मते ४५ टक्क्यांवर गेली.

म्हातारपणाची भाकरी

तरीही एक घटक मागे राहिला होता, तो म्हणजे वृद्ध. कामगारांचे पगार वाढत होते, परंतु निवृत्तिवेतन जुन्या आकड्यांवर अडकले होते. आयुष्यभर राबलेली माणसे नातवंडांच्या समृद्धीकडे दारिद्र्यातून पाहत होती.

कॅथलिक उद्योजकांच्या संघटनेचे चिटणीस विल्फ्रीड श्रायबर यांनी १९५५ साली एक योजना मांडली. आडेनाउअर यांचे चिरंजीव पॉल हे धर्मगुरू होते. त्यांनी ती वडिलांच्या हाती दिली. श्रायबर यांचा विचार कुटुंबावर आधारलेला होता. घरात कमावती पिढी एका हाताने म्हाताऱ्यांना सांभाळते आणि दुसऱ्या हाताने मुलांना वाढवते. आधुनिक समाजानेही तसेच करावे. आजच्या कमावत्यांनी वृद्धांना पेन्शन द्यावी आणि ती पगारांबरोबर वाढावी. त्याचबरोबर मुलांच्या पालनपोषणासाठीही एक निधी असावा, म्हणजे मुले वाढवणाऱ्या कुटुंबांवर एकट्यांवर भार पडणार नाही.

अर्थमंत्री एरहार्ड यांचा विरोध होता. भाववाढ होईल असे त्यांचे मत होते. अर्थखात्याची तिजोरी सांभाळणारे फ्रिट्झ शेफर हेही विरोधात होते. आडेनाउअर यांनी दोघांचेही ऐकले नाही. जानेवारी १९५७ मध्ये कायदा मंजूर झाला. विरोधी समाजवाद्यांनीही त्याला मत दिले. पेन्शन सरासरी ६० टक्क्यांहून अधिक वाढली. आलेन्सबाखच्या चाचण्यांत एखाद्या कायद्याला क्वचितच मिळावा असा पाठिंबा त्याला मिळाला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला झालेल्या निवडणुकीत ख्रिस्ती लोकशाही पक्षांना ५०.२ टक्के मते पडली. जर्मनीच्या संसदीय निवडणुकांत असे निर्विवाद बहुमत त्या आधी वा नंतर कोणालाही मिळालेले नाही.

परंतु श्रायबर यांच्या योजनेचाही अर्धाच भाग उचलला गेला होता. वृद्धांचा भाग कायद्यात आला, मुलांचा गळाला. मुले तर लोकांना होतच राहतील, असे म्हणून आडेनाउअर यांनी तो विषय बाजूला सारला असे सांगतात. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर जर्मनीतील जन्मदर घसरू लागला. आज तेथे पेन्शन घेणारे वाढत आहेत आणि वर्गणी भरणारे त्या प्रमाणात नाहीत. 'क्वाद्राजेसिमो आन्नो'चा मसुदा तयार करणारे येशूसंघीय फादर ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉयनिंग हे १०१ वर्षे जगले आणि १९९१ साली वारले. ते पुढे वारंवार सांगत की, वर्गणी भरून आपण केवळ आईवडिलांच्या पिढीचे ऋण फेडतो. आपल्या म्हातारपणाची तरतूद पुढची पिढी वाढवण्यातूनच होते.

मुलांचा भाग का गळाला? वृद्धांना मत असते, लहान मुलांना नसते. जनमताची ही सर्वांत मोठी उणीव आहे. मतपेटीत जे बोलू शकतात त्यांचेच ऐकले जाते. न जन्मलेली मुले, परप्रांतातून आलेला मजूर, जमिनीतले पाणी, यांना मतदानाचा हक्क नाही.

आपल्यापुरते काही

कार्डिनल फ्रिंग्स १९६९ पर्यंत कोलोनचे महागुरुस्वामी होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ते गाजले. तेथे त्यांचे तरुण सल्लागार होते योसेफ रात्झिंगर, पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट. परंतु आपल्या दृष्टीने फ्रिंग्स यांचे मोठे काम १९५८ चे आहे. त्या वर्षी फुल्डा येथील बिशपांच्या सभेत त्यांनी जगातील भूक आणि रोगराई यांविरुद्ध उपवासकाळात निधी गोळा करण्याची सूचना केली. तीतून 'मिझेरिओर' ही संस्था उभी राहिली. भुकेल्या समुदायाचा आपल्याला कळवळा येतो, या येशूच्या शब्दांवरून हे नाव घेतले आहे. १९५९ च्या पहिल्याच उपवासकाळात तीन कोटी मार्कांहून अधिक रक्कम जमली. बारा वर्षांपूर्वी ज्यांनी मालगाडीतला कोळसा उचलला होता तीच ही माणसे होती. प्रवचनाचा दुसरा भाग काहीजणांच्या कानी पोहोचला होता, असे म्हणायला हवे.

या समृद्धीचा ओघ आपल्यापर्यंतही आला. १९९० च्या दशकात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि महाराष्ट्राच्या अन्य दुष्काळी भागांत स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने पाणलोट विकासाचे जे मोठे काम झाले, त्याला जर्मन सरकारचे अर्थसाहाय्य होते. आपल्या माळरानावरील बांधबंदिस्तीत तेथील करदात्यांचा हातभार आहे.

भारतानेही १९९१ च्या जुलैमध्ये आपली आर्थिक दिशा बदलली. त्याच वर्षी १ मे रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'सेंतेसिमुस आन्नुस' हे परिपत्रक काढले. त्यात त्यांनी बाजाराचे सामर्थ्य मान्य केले आणि त्याच दमात सांगितले की, माणसाच्या कितीतरी गरजा बाजारात भागत नाहीत. आपण त्यातले काय ऐकले? ज्यांना नव्या नोकऱ्या मिळाल्या त्यांनी पहिले ऐकले, ज्यांच्या गिरण्या बंद झाल्या त्यांनी दुसरे. १९९८ साली कांद्याच्या भावाने दिल्लीतील राज्य सरकार पाडायला हातभार लावला, तेव्हा शहरातील ग्राहकाचा राग खरा होता. पण कांदा मातीमोल झाला की लासलगावच्या शेतकऱ्याच्या घरात जे घडते तेही तितकेच खरे असते, आणि त्या वेळी शहरातील ग्राहक मुकाट्याने दोन किलो जास्त घेऊन घरी जातो.

कोणाला मत द्यावे हे सांगणे धर्मगुरूचे काम नाही. मत देण्यापूर्वी काय विचारावे हे मात्र सांगता येईल. या धोरणाने माझ्या घरात काय येईल, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतोच आणि त्याने तो विचारावा. त्यासोबत एवढेही विचारावे की, हे कोणाच्या घरातून येणार आहे, आणि जो मतदान केंद्रावर येऊ शकत नाही त्याच्या वाट्याला काय उरणार आहे. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी निवडणुकीच्या आधीच्या रविवारी मिस्सानंतर हे दोन प्रश्न आपसात बोलून पाहावेत. मुलांनाही त्या बोलण्यात बसवावे. त्यांना अजून मत नाही, पण आपण जे काही ठरवू त्याची किंमत पुढे त्यांनाच द्यायची आहे.